आजी गेल्यानंतरचं एक वर्ष : नाशिकमधल्या एका घराचं प्रकरण

हे प्रकरण एका घराचं म्हणून मांडलं आहे, पण अनेक घरांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते रचलं आहे. म्हणून यात नावं नाहीत, नात्यानेच माणसं ओळखायची.

घर इंदिरानगरमधलं. आजी ७१ वर्षांच्या, माहेर पंचवटीतल्या वाड्यातलं, सासर नाशिकरोडचं. आजोबा प्रेसमध्ये नोकरीला होते, ते ११ वर्षांपूर्वीच गेले. मुलगा ४२ वर्षांचा, सातपूरच्या कारखान्यात. सून शाळेत शिक्षिका. नात ९ वर्षांची, नातू ५ वर्षांचा. मुलांची आत्या पुण्यात. आजी मुलाकडेच राहायच्या. नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडणं, दुपारी जेवू घालणं, रात्री गोष्ट सांगून झोपवणं, सगळं त्यांच्याकडे. आषाढात त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि चौथ्या दिवशी त्या गेल्या.

सुनेने आमच्याकडे, म्हणजे दुःखातल्या घरांना सावरायला मदत करणाऱ्यांकडे, मदत मागितली ती कार्तिकात. तक्रारी तीन. नवरा ‘आई’ हा शब्दच तोंडातून काढत नाही, आणि कोणी काढला तर उठून जातो. नातीने आजीबद्दल विचारणं बंद केलं आहे. नातू रात्री झोपत नाही, आणि दुपारी आईने जरा डोळा मिटला तरी तिला हलवून जागं करतो.

आणखी एक गोष्ट तिने जाता जाता सांगितली, आमच्या मते तीच या प्रकरणाचं मूळ होती. नातीला आजोबांबद्दल काय माहीत आहे असं विचारल्यावर ती म्हणाली, “भिंतीवरचा हार घातलेला फोटो, आणि ते प्रेसमध्ये होते.” ११ वर्षांत आजोबांचं एवढंच उरलं होतं. आजी होत्या तोवर त्यांच्या तोंडून आजोबा थोडेफार ऐकू यायचे, आता तो दुवाही गेला. आजींचंही तेच होणार, ही सुनेची भीती रास्त होती.

पहिल्या तेरा दिवसांत काय बोललं गेलं

नातवाला एका नातेवाइकाने सांगितलं होतं, “आजी देवबाप्पाकडे झोपायला गेली.” दुसऱ्याने सांगितलं, “गावाला गेली, येईल.” दोन्ही वाक्यं मायेपोटीच आली, पण पाच वर्षांचं मूल शब्द जसेच्या तसे घेतं. झोपायला गेलेली आजी परत आली नाही, म्हणजे झोपलेलं माणूस परत येत नाही. आई झोपली की तो घाबरायचा याचं कारण एवढं साधं होतं. मृत्यू झाल्यावर शरीराचं काम पूर्ण थांबतं, ते पुन्हा सुरू होत नाही, आणि तो प्रत्येकाला येतो, या गोष्टी बहुतेक मुलांना साधारण सातव्या ते नवव्या वर्षापर्यंत नीट उमगतात. त्याआधी मृत्यू त्यांना परतीचा वाटतो.

म्हणून पहिलं काम सांगण्यातली दुरुस्ती. सुनेने दिवसा, खेळ चालू असताना, हे सांगितलं : “आजीच्या डोक्यातली रक्ताची नळी बंद पडली. मग तिचं शरीर काम करायचं थांबलं. ती मेली. मेलेलं माणूस श्वास घेत नाही, त्याला भूक लागत नाही, दुखत नाही, आणि ते परत येत नाही. झोपणं वेगळं. झोपलेलं माणूस श्वास घेत असतं आणि सकाळी उठतं.” मग तिने त्याचा हात स्वतःच्या पोटावर ठेवून श्वास दाखवला. ‘मेली’ हा शब्द आपल्याकडे मोठ्यांबद्दल वापरायला जड जातो, ‘वारली’ म्हणतात. पण लहान मुलाला ‘वारली’ कळत नाही, आणि ‘गेली’ म्हटलं की कुठे गेली हा प्रश्न येतो. म्हणून एकदा तरी स्पष्ट शब्द वापरावा. मूल तोच प्रश्न दहा वेळा विचारेल, दहाही वेळा तेच उत्तर त्याच शब्दांत द्यावं. ते उत्तर टिकतं का हे मूल तपासत असतं.

श्रद्धेच्या गोष्टींना यात जागा आहे, पण वेगळ्या वाक्यात. दशक्रियेला घाटावर पिंडाला कावळा शिवला तेव्हा नातवाने विचारलं होतं, आजी कावळा झाली का. तेव्हा सगळे गप्प बसले. नंतर त्याला सांगितलं गेलं : “आजीचं शरीर आपण जाळलं, ते आता नाही. आपल्या घरात असं मानतात की गेलेल्या माणसाचं जेवण आधी कावळ्याला द्यायचं.” पहिलं वाक्य घडलेल्या गोष्टीचं, दुसरं मानण्याचं. ‘आपल्या घरात असं मानतात’ हे शब्द जोडले की दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळत नाहीत आणि मोठ्यांच्या श्रद्धेलाही धक्का लागत नाही.

त्या दिवसांतली एक गोष्ट मात्र चांगली झाली होती. रामकुंडावर अस्थी विसर्जनाच्या वेळी मुलाने घराण्याच्या तीर्थोपाध्यायांकडून वंशावळीची जुनी वही काढून घेतली. मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की कोणत्या उपाध्यायांकडे आपली वही आहे हे घाटावर कळतं. त्या वहीत मुलाच्या आजोबांची सही होती. तिथे आजींचं नाव, तिथी आणि आलेल्यांची नावं लिहिली गेली. अशा वह्यांत वंशावळ बहुतेक पुरुषांच्या नावांनी चालते, सांगितलं नाही तर मुली आणि नाती सुटून जातात. सुनेने आग्रह धरला म्हणून नातीचंही नाव नोंदलं गेलं. पानाचा फोटो काढायचा असेल तर आधी विचारावं.

मुलाचं गप्प बसणं

तेरावा झाला की पाहुणे पांगतात. तोवर प्रत्येक दिवसाला काहीतरी काम असतं, माणसं असतात, रडायला जागा असते. चौदाव्या दिवशी कामावर हजर. खरं दुःख बरेचदा दुसऱ्या महिन्यानंतर वर येतं, आणि तेव्हा विचारायला कोणी नसतं.

या मुलाच्या मौनाखाली अपराधाची भावना होती. झटक्याच्या दिवशी सकाळी सातला आजींच्या डाव्या हातातून कप सुटला होता. त्या म्हणाल्या, “रात्री हात अंगाखाली आला असेल.” तो कामावर गेला. दुपारी बोलणं जड झालं, चारला घरचे डॉक्टर, साडेपाचला रुग्णालय. “सकाळीच नेलं असतं तर आई वाचली असती,” हे वाक्य तो चार महिने एकटाच घोकत होता. नातेवाइकांनी त्याला “तुझी काही चूक नाही” असं शंभरदा सांगितलं होतं. ते वाक्य बोलणं तिथेच बंद करतं, म्हणून ते लागू पडत नाही.

त्याऐवजी एका कागदावर दोन रकाने आखले. डावीकडे, किती वाजता काय घडलं. उजवीकडे, त्या क्षणी घरात कोणाला काय माहीत होतं. आज जे माहीत आहे ते उजवीकडे लिहायचं नाही, हा नियम. दोन बैठका लागल्या. मग तो कागद घेऊन तो उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे गेला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन नेहमीच्या नियमाने झटका सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यायचं असतं. आणि झोपेतून उठल्यावर लक्षण दिसलं, तर वेळ मोजतात ती माणूस शेवटचं ठणठणीत दिसलं तेव्हापासून. आजी शेवटच्या ठणठणीत दिसल्या त्या रात्री दहाला. म्हणजे सकाळी सातलाच ती मुदत उलटून गेलेली होती. लवकर नेणं केव्हाही चांगलंच, डॉक्टरांनी तेही सांगितलं. पण ‘नक्की वाचली असती’ यातलं ‘नक्की’ गळून पडलं. अपराधाची भावना पूर्ण गेली नाही, पण तिचा आकार खऱ्या घटनेएवढा झाला. त्या बैठकीनंतर तो घरी पहिल्यांदा मुलांसमोर रडला.

मुलांसमोर रडावं का, हा प्रश्न घरोघरी येतो. रडावं, आणि वर एक वाक्य बोलावं : “मला आजीची आठवण येतेय, थोड्या वेळाने मी बरा होईन.” कारण न सांगता रडलं, किंवा लपून रडलं, की मूल कारण स्वतःकडे घेतं. या घरातली नात तेच करत होती. आजीचा विषय काढला की बाबा उठून जातात, म्हणजे आपण बाबांना त्रास देतो, म्हणून ती गप्प झाली होती. ती सावरली आहे असं सगळ्यांना वाटत होतं.

मार्गारेट स्ट्रोबे आणि हेन्क शूट या शोकावर संशोधन करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली मांडलेली एक कल्पना इथे उपयोगी पडते. दुःख करणारं माणूस गेलेल्याकडे आणि पुढच्या आयुष्याकडे असं आलटून पालटून वळत असतं, आणि हे हेलकावे निरोगी आहेत. एकाच बाजूला अडकलं की त्रास होतो. मुलगा फक्त कामात अडकला होता. त्याला रोज रात्री वीस मिनिटं दिली. आईच्या खोलीत बसायचं, तिची एक वस्तू हातात घ्यायची, आठवेल ते वहीत लिहायचं आणि वीस मिनिटांनी उठून पाणी पिऊन बाहेर यायचं. वेळ ठरलेली असल्याने भीती कमी वाटते. पहिल्या आठवड्यात त्याने दोनदाच केलं, ते ठीकच.

उपचार कधी लागतात तेही इथेच सांगायला हवं. वर्ष उलटूनही तळमळ तेवढीच असेल, काम आणि नाती कोलमडली असतील, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल, तर ते मानसोपचारतज्ज्ञाकडे नेण्याचं दुखणं आहे. मुलांच्या बाबतीत सहा महिनेच थांबावं. मरणाचे विचार बोलून दाखवले तर एक दिवसही थांबू नये. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते आणि मराठीतही बोलता येतं.

आवाज आधी वाचवा

आठवणी जपायच्या म्हटलं की घरं फोटोंकडे धावतात. फोटो थांबू शकतात. आधी हरवतो तो आवाज. आजींचा फोन कपाटात पडून चार महिने होत आले होते. व्हॉट्सअॅपचं खातं साधारण १२० दिवस वापरात नसलं की काढून टाकलं जातं. रिचार्ज थांबलं की काही काळाने नंबर बंद होतो, आणि बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. मग एखाद्या दिवशी ‘आई’ या नावापुढे अनोळखी माणसाचा फोटो दिसतो, आणि तो धक्का वाईट असतो. म्हणून पहिलं वर्ष नंबर चालू ठेवावा.

मुलाने जागा कमी पडते म्हणून स्वतःच्या फोनमधले व्हॉइस मेसेज पुसले होते. पुण्याच्या आत्याने एकही पुसला नव्हता. तिच्या फोनमधल्या व्हॉइस नोट्सच्या फोल्डरमधून, जिथे फाइली आठवड्यानुसार लावलेल्या असतात, सगळं लॅपटॉपवर घेतलं आणि ऐकत ऐकत नावं दिली : तारीख, कोणाला, कशाबद्दल. ‘२०२३-०५-१२ आत्याला कुरडई’ असं नाव असेल तर दहा वर्षांनी नातीला ते सापडेल. नुसत्या आकड्यांच्या फाइली कोणी उघडत नाही. प्रती तीन : एक घरच्या हार्ड डिस्कवर, एक ऑनलाइन, एक पुण्याला.

एक कॅसेटही निघाली, भोंडल्याच्या गाण्यांची. जुनी कॅसेट हाताला लागली की लगेच वाजवू नये. कॅसेटच्या खिडकीतून पाहून फितीवर पांढरी बुरशी आहे का बघावं, असल्यास जाणकाराकडे द्यावी. वरच्या कडेचे प्लास्टिकचे दोन्ही छोटे कान तोडावेत म्हणजे चुकून पुसली जात नाही. एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे गुंडाळावी. मग कॅसेट डेकच्या लाइन आउटमधून (आवाज बाहेर देणाऱ्या जोडणीतून) संगणकात, वेव्ह फाइल (आवाज न दाबता ठेवणारी फाइल) म्हणून घ्यावी. तासाला साधारण ६०० एमबी लागतात. त्या कॅसेटमध्ये दोन गाण्यांच्या मध्ये आजोबा विचारतात, “चालू आहे का गं?” नातीने आजोबांचा आवाज पहिल्यांदा ऐकला तो असा.

मुलांना आवाज ऐकवताना आधी विचारावं, आणि सुरुवात अर्ध्या मिनिटाच्या साध्या बोलण्याने करावी. नातवाने पहिल्यांदा नाही म्हटलं, तीन आठवड्यांनी स्वतः मागितला. संगणकाकडून आजींच्या आवाजात नवी वाक्यं बोलवून घ्यावीत असं एका नातेवाइकाने सुचवलं होतं. आम्ही स्पष्ट विरोध केला. आजी परत येत नाही हे जे मूल अजून शिकतंय, त्याच्याशी आजी फोनवरून नव्याने बोलू लागली तर शिकलेलं सगळं पुसलं जाईल.

साड्या, आणि त्यावरून झालेलं भांडण

तेराव्याच्या गडबडीत आत्या चांगल्या साड्या घेऊन गेली. सुनेला विचारलं नाही. यावरून दोघींचं बोलणं बंद. हे इतक्या घरांत घडतं की नियमच करावा : औषधं आणि नाशवंत वस्तू सोडून पहिले तीन महिने काहीही वाटायचं नाही, आणि नंतर यादी करून आळीपाळीने एकेक वस्तू निवडायची. किंमत बघू नये. भांडण नेहमी वापरातल्या, मऊ झालेल्या वस्तूवरूनच होतं.

उरलेल्या सुती साड्यांच्या दोन गोधड्या शिवल्या. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर. दीड मीटरचे तुकडे केले तर एका साडीचे तीन थर निघतात, म्हणजे दोन साड्यांत सहा थरांची, साडीच्या पन्ह्याएवढी रुंद गोधडी होते, मुलाला पुरते. सुती आणि सिंथेटिक एकत्र घेऊ नये, थर सरकतात आणि गोळे होतात. रंग जातो का हे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघावं. जमिनीवर अंथरून, मधून कडेकडे सुरकुत्या काढत कच्चे टाके घालावेत, मग कडेपासून आत बोटभर अंतरावर धावदोरा. नातीने चार ओळी घातल्या, वाकड्या. त्या उसवायच्या नाहीत असं आधीच ठरलं होतं. एक पदर न धुता झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवला, कारण नातवाला वास हवा होता. वास हळूहळू जाईलच, हेही त्याला सांगून ठेवलं.

हाताने करायची गोष्ट : कुरडई

पाच वर्षांच्या मुलाला मोठेपणी आजीची स्वतःची आठवण फारशी राहणार नाही. लहानपणीच्या आठवणी वय वाढताना पुसट होतात, त्याला उपाय नाही. टिकतं ते पुन्हा पुन्हा केलेलं आणि पुन्हा पुन्हा सांगितलेलं. म्हणून दरवर्षी ठरावीक वेळी, मुलांच्या हाताला काम असेल, असं एक काहीतरी निवडावं. या घराने चैत्रातली कुरडई निवडली, कारण आजींच्या आवाजात तिची कृती होती. त्यात माप ‘माझी वाटी’. ती पितळी वाटी शोधून तिच्यात किती पाणी मावतं ते मोजलं, १८० मिली. घरची मापं अशीच आधी मोजून ठेवावीत, वाटी हरवली तरी माप राहतं.

गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा, सकाळी वरचं पाणी अलगद ओतून टाकायचं. जेवढ्या वाट्या घट्ट चीक तेवढ्याच वाट्या पाणी मीठ घालून उकळायचं, चीक एका हाताने ओतत दुसऱ्याने सतत ढवळायचं, मग झाकून वाफ आणायची. ओल्या बोटाला चिकटला नाही आणि चकाकी आली की शिजला. गरम असतानाच सोऱ्यातून घालायच्या.

पहिला घाणा वाळल्यावर तुकडे तुकडे झाला, कारण चीक कच्चा राहिला होता. मुलगा म्हणाला, “आईच्या कधीच मोडल्या नाहीत.” त्यावर आत्या पुण्याहून व्हिडिओ कॉलवर म्हणाली, “दरवर्षी पहिला मोडायचा, ती आपल्याला सांगायची नाही, भाजी करून टाकायची.” असं बोलणं व्हावं म्हणूनच हा खटाटोप. मुलांना निर्दोष आजी देऊ नये. या आजी हट्टी होत्या, पत्त्यांत लबाडी करायच्या, एकदा रागावून दोन दिवस माहेरी जाऊन बसल्या होत्या. ज्या आजीवर कधी राग येऊ शकत नाही तिच्यावर प्रेमही धरत नाही, असा आमचा अनुभव आहे. गरम चीक तेल घालून वाटीत खाणं हा मुलांचा वाटा होता आणि नातवाला त्या दिवसातलं तेवढंच नीट आठवतं.

जागा

पंचवटीत मुलांना दोनदा नेलं. १९६९ च्या गोदावरीच्या महापुराच्या वेळी आजी सोळा वर्षांच्या होत्या. नाशिककर पूर मोजतात तो गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं यावर. मुलांना त्या मूर्तीपाशी उभं करून मगच गोष्ट सांगितली. मुलाचे मामा, म्हणजे आजींचे भाऊ, म्हणतात वाड्यातली धान्याची कोठी वाहून गेली, आत्या म्हणते भिजली होती, वाहिली नव्हती. दोन्ही लिहून ठेवल्या, सांगणाऱ्याच्या नावासह. कोणती खरी यावर वाद घातला तर म्हातारी माणसं सांगायचीच थांबतात. रंगपंचमीला रहाड, म्हणजे लोक उडी मारतात तो रंगाच्या पाण्याचा जमिनीतला हौद, दाखवायला मुलगा एकटा नातीला घेऊन गेला, आणि ती उडी कोणी मारायची, बायका कुठून बघायच्या, हे सगळं त्याने स्वतःहून सांगितलं. मौन सुटल्याचं हे खरं लक्षण.

सणांबाबत एक सावधगिरी. पहिलं वर्ष सण नाहीत, आकाशकंदील नाही, फराळ नातेवाईक आणून देतात, ही रीत मोठ्यांना आधार देते. पण लहान मुलाला ती शिक्षा वाटते, आणि आपल्या खोडीमुळेच आजी गेली असा त्याचा समज असेल तर तो पक्का होतो. नातवाने तसं विचारलंच : “मी आजीला ओरडलो म्हणून का?” त्याला सांगितलं की ओरडण्याने, रागावण्याने, मनात वाईट आणण्याने कोणी मरत नाही. आणि आजीच्या फोटोपाशी रोज एक पणती लावायचं काम त्याला दिलं.

वर्षश्राद्धाच्या वेळची स्थिती

नातू आता झोपतो. सर्दी-ताप आला की पुन्हा आईला हलवतो. नात आजीबद्दल बोलते, कधी चिडूनही. मुलाचं रात्रीचं लिहिणं आठवड्यातून एकदावर आलं आहे. आत्या आणि सून कामापुरतं बोलतात, साड्यांचा सल गेलेला नाही, आणि तो घाईने काढायचा आम्ही प्रयत्नही करत नाही.

एक काम राहिलं आहे आणि त्याला मुदत आहे. जुन्या चिकट पानांच्या अल्बममधले फोटो मागून बारीक दोरा सरकवत सोडवले, ६०० डीपीआयवर (बारकावे दिसतील इतक्या स्पष्टतेने) स्कॅन केले. पण लग्नाच्या आधीच्या फोटोंमधली माणसं ओळखणारे आता एकटे मामा उरले आहेत, वय ८०. ओझरला जाऊन, एका वेळी दहाच फोटो दाखवून, त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करत, प्रत्येक फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नावं लिहायची आहेत. बॉलपेनची शाई पुढच्या बाजूला उमटते. नात बरोबर जाईल, प्रश्न तीच विचारेल. मोठ्यांनी विचारलं की मामा “जाऊ दे रे” म्हणतात, आणि तिला मात्र सांगतात.